डकोटा जळालं, तेरा जण वाचले

21 जुलै 2018 रोजी अमेरिकेत, टेक्सासमधल्या बर्नेट इथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक डकोटा विमान उड्डाण घेताना कोसळलं. धावता धावता ते आधी उजवीकडे आणि मग डावीकडे भरकटलं. कसंबसं उचललं गेलं, तोच डावा पंख जमिनीला लागला. विमान गर्रकन फिरलं आणि पेटलं. त्याचा कोळसा झाला, पण आतली तेराच्या तेरा माणसं जिवंत बाहेर पडली.

डकोटाच्या नाकाखाली चाक नसतं. दोन मोठी चाकं पुढे आणि एक लहानसं शेपटीखाली. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. बैलांनी ओढलेली गाडी सरळ जाते. तीच मागून ढकलत न्या, जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होत जाते. मागच्या वजनामुळे डकोटाचंही तसंच होतं. म्हणून पायलटला रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पॅडलवर पाय सतत चालवावे लागतात.

मग माणसं वाचली कशी? मुख्य कारण वेग. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. डकोटा ताशी 150 किलोमीटरच्या आतबाहेर जमीन सोडतं, जेट विमान 250 च्या पुढे. म्हणजे दर किलो वजनामागे जवळपास तिप्पट ऊर्जा. दुसरं, थांबायला मिळालेलं अंतर. ताशी 130 ने चाललेलं विमान घासत घासत 50 मीटरमध्ये थांबलं, तर शरीरावर वजनाच्या सरासरी 1.3 पट जोर येतो. तेच 5 मीटरमध्ये अडकलं तर 13 पट. प्रवासी विमानांच्या खुर्च्या बरीच वर्षं 9 पट जोर धरून बनवत. आता नियम 16 पटीचा आहे. पण खुर्ची टिकली तरी आग थांबत नाही. डकोटाच्या टाक्या पंखांच्या मधल्या भागात असतात, आणि त्यातलं पेट्रोल जेटच्या केरोसीनपेक्षा कितीतरी लवकर भडकतं. आजच्या प्रवासी विमानांना निम्मीच दारं वापरून 90 सेकंदांत रिकामं होऊन दाखवावं लागतं, ते उगीच नाही.

आता हे गणित छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचं औरंगाबाद) चिकलठाण्याच्या विमानतळावर मांडून बघा. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 580 मीटरवर. एप्रिलच्या दुपारी पारा 42 ला गेला की तिथली हवा, एखाद्या थंडगार दिवशी कळसूबाईच्या माथ्यावर असावी, तितकी विरळ होते. समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी घनतेची. पंखाला तेवढीच उचल मिळायला विमानाला जमिनीवर 8 टक्के जास्त वेगाने पळावं लागतं. 8 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण धडक झालीच तर ऊर्जा 17 टक्क्यांनी वाढलेली असते. शिवाय इंजिनही दमतं आणि धावपट्टी भराभर संपत जाते.

26 एप्रिल 1993 ला भर दुपारी इथूनच निघालेलं बोइंग धावपट्टीपलीकडे बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं आणि पडलं. 118 पैकी 55 जण गेले, 63 वाचले. चौकशीत ठपका आला तो नाक उशिरा उचलल्याचा आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा. उन्हाला कुणी आरोपी केलं नाही, पण अशा दुपारी चुकीला जागाच कमी उरते, असं मला वाटतं.

यावर उपाय जुनेच: वजन कमी करायचं, नाहीतर पहाटे निघायचं. 25 अंशांना चिकलठाण्याची हीच हवा दुपारपेक्षा सुमारे 6 टक्के दाट असते.