जिभेखालची प्रत्येक टणक गाठ कॅन्सरची नसते

‘जिभेखाली जबड्याला टणक गाठ लागली म्हणजे कॅन्सरच’ हा मेसेज आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बरीच वर्षं फिरतोय. तंबाखूच्या पट्ट्यात अशी भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण खालच्या जबड्याच्या आतून, सुळ्यामागच्या लहान दाढांपाशी वाढलेलं ते बहुधा साधं हाड असतं. दंतवैद्य त्याला टोरस म्हणतात. त्याचा कॅन्सर होत नाही. अनेकांना तर दात दाखवायला गेल्यावरच ते कळतं.

आरशासमोर जीभ उचलून स्वच्छ बोट फिरवा. दोन्हीकडे सारखं, हाडासारखं कठीण, न हलणारं, न दुखणारं, वर त्वचेचा रंग नेहमीचाच? मग बहुतेक तेच. तरी एकदा दंतवैद्याकडून खात्री करून घ्या. कवळीला अडलं तरच सहसा ते काढतात.

एकाच बाजूची, झपाट्यानं वाढणारी गाठ, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.