तंगूसातला पीळ आणि बर्फावरचं स्वस्त इनलाइन रीळ

मुंबईतून मिनेसोटा, मिशिगन किंवा टोरंटोकडे गेलेल्यांपैकी ज्यांना गळाचा नाद आहे, त्यांचा हिवाळ्याच्या तोंडावर इकडच्या मित्रांना एक प्रश्न असतो. तळं गोठणार, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे. दुकानात लहान स्पिनिंग रीळ (दोरी टोकावरून सुटते ते) आणि इनलाइन रीळ (चाक फिरून दोरी सरळ सुटते ते) शेजारीशेजारी मांडलेलं आहे, फार पैसे घालायचे नाहीत, तर यातलं घ्यावं कुठलं? बॅंडस्टँडच्या खडकांवर नाहीतर पवईच्या काठावर हात बसलेल्या माणसाला दोन्ही रिळं चालवता येतात, पण बर्फावरचं गणित वेगळं असतं. उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण ते दुकानात टिकायचं तर हे रीळ कुठून आलं ते माहीत असलेलं बरं, कारण किंमतीतला किती भाग कामाचा आणि किती सजावटीचा हे त्यावरूनच ठरतं. शिवाय या इतिहासाचा मधला मोठा टप्पा कापडगिरणीतून जातो, आणि तो मुंबईकराइतका चटकन दुसऱ्या कुणाला कळायचा नाही.

आधी बर्फावर होतं काय ते पाहू. वीसेक सेंटीमीटर रुंदीचं भोक, हातभर लांबीची काठी, आणि तिच्या टोकाला एक-दीड ग्रॅमचं आमिष. फेकायचं काहीच नसतं. आमिष सरळ खाली सोडायचं, तळाच्या जरा वर थांबवायचं आणि बारीक थरथरवायचं. थंड पाण्यातला मासा सुस्त असतो. तो झडप घालत नाही, जवळ येतो, थांबतो, बघतो. त्या क्षणी आमिष स्वतःभोवती गिरक्या घेत असेल तर तो तसाच मागे फिरतो. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च हे तिकडचे लहान मासे याबाबतीत फार चोखंदळ. आमिषाच्या गिरकीचं मुख्य कारण म्हणजे तंगूसात, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीत, साठलेला पीळ. इनलाइन रीळ घ्यायचं ते हा पीळ टाळण्यासाठी. बाकी सगळी कारणं दुय्यम.

गंमत अशी की सुरुवातीच्या रिळांत हा पीळ नव्हताच. मासेमारीच्या रिळाचं सर्वांत जुनं मानलं जाणारं चित्र चीनमधलं आहे. सोंग राजवटीतल्या मा युआन या चित्रकाराने 1195 च्या सुमारास हिवाळी तळ्यावर एकटा बसलेला गळवाला रंगवला, आणि त्याच्या काठीला लहानसं चाक दाखवलं. चाकाचा आस काठीला आडवा. चाक फिरलं की दोरी जशी सरळ येते तशीच गुंडाळली जाते, आणि सोडली की तशीच सरळ उलगडते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून रिळाचे छापील उल्लेख सापडतात. पुढे नॉटिंगहॅममध्ये लाकडी सेंटरपिन, म्हणजे मधल्या आसावर मोकळी फिरणारी, रिळं घडली. हे शहर लेस विणण्याचं, त्यामुळे तिथल्या कारागिरांचा हात सुताच्या रिळांवर आधीच बसलेला होता. अमेरिकेत केंटकीच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने 1820 च्या आसपास दाते घालून रीळ वेगाने फिरवलं, तर व्हरमॉन्टच्या चार्ल्स ऑर्व्हिस यांनी 1874 मध्ये भोकं पाडलेल्या अरुंद फ्लाय रिळाचं पेटंट घेतलं. बंगालमधल्या तळ्यांवर रोहू-कटल्याला लावतात ते चाक याच घराण्यातलं. ही सगळी आजच्या भाषेत इनलाइनच म्हणायची.

मग माणसं या सोप्या यंत्रापासून दूर का गेली? लांब फेकायचं होतं म्हणून. जड चाक फिरायला लागतं ते आमिषाच्या ओढीने. आमिष हलकं असेल तर चाक हलतच नाही. हललं तर आमिष पाण्यात पडल्यावरही फिरत राहतं आणि दोरीचा गुंता होतो. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी 1884 मध्ये यावर तोडगा काढला. फेकताना त्यांचं रीळ काटकोनात वळवायचं, म्हणजे त्याचं तोंड पाण्याकडे होतं आणि दोरी टोकावरून सळसळत निघते. फेकून झालं की रीळ पुन्हा आडवं करायचं आणि साध्या चाकासारखं गुंडाळायचं. हलकं आमिष दूर जाऊ लागलं खरं, पण दोरीत पीळ भरू लागला.

तो का भरतो हे मुंबईत कुठल्याही खडकावर बघता येतं. रीळ परवडत नाही ती पोरं तंगूस प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळतात. बाटलीचं तोंड समुद्राकडे करून शिसं भिरकावलं की तंगूस बाटलीच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्याने निघतं, आणि दर वेटोळ्यामागे त्यात एक पीळ पडतो. परत घेताना बाटली स्थिर धरून तिच्याभोवती हात फिरवला तर तेवढेच पीळ उलटे पडतात आणि हिशेब मिटतो. पण हात दुखतो म्हणून बाटलीच गरगर फिरवून तंगूस गुंडाळलं, तर जातानाचा पीळ तसाच राहतो. दहा-बारा वेळा असं झालं की सैल सोडलेलं तंगूस आपणहून दुमडतं, त्याचे लहान फास होतात, आणि शिशाच्या वर एक घट्ट गाठ तयार होते. मॅलॉक यांच्या रिळाचं दुखणं नेमकं हेच होतं. पुढे उलटं लावता येईल असं चाक देऊन त्यावर उपायही करावा लागला.

हिशेब मिटवणारं रीळ ब्रॅडफर्डमधून आलं, आणि त्यात आश्चर्य नाही. अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हे तिथल्या कापडधंद्यातले. 1905 मध्ये त्यांनी स्थिर रिळाचं पेटंट घेतलं. रीळ फिरतच नाही. त्याच्याभोवती एक बोट फिरतं आणि दोरी गुंडाळतं. सुटतानाही दोरी टोकावरूनच सुटते. ही कल्पना गिरणीतली. यंत्रमागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली कांडी बसवलेली असते. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे उडतो तेव्हा कांडी जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून निसटत जातं. कांडी फिरवावी लागली असती तर त्या वेगाला सूत तुटून गेलं असतं.

1854 मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीची स्थापना झाली, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गिरणगावाने हे रोज पाहिलं. साचा खात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, धोट्याचा खडखडाट आणि वायंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका. यंत्रंही बरीचशी लँकशायरहून आलेली. 1982 च्या संपाआधी साच्यावर उभा राहिलेला माणूस लालबाग-परळला भेटला तर त्याला स्पिनिंग रीळ हातात देऊन बघावं. बेल (तंगूस गुंडाळणारी फिरती तार) उघडून तंगूस ओढलं की कांडीवरून सूत कसं निघतं तेच त्याला समोर दिसेल. त्या जगात पीळ हा दोष नव्हता. पिळाशिवाय सुताला ताकदच येत नाही. मासेमारीत मात्र तोच नडतो.

इलिंगवर्थ यांच्या रिळाचा खरा विस्तार नायलॉनमुळे झाला. ड्यूपॉन्टने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि महायुद्धानंतर एकेरी नायलॉनची दोरी, म्हणजे आपलं तंगूस, जगभर पसरली. फ्रान्समधल्या क्लूज या घड्याळांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध गावात बनलेलं मिचेल रीळ गार्सिया कंपनीने अमेरिकेत घरोघरी पोचवलं. रेशमी दोरी मऊ असे, तिच्यातला पीळ पटकन कळत नसे. नायलॉनला स्वतःचा ताठपणा असतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो.

बर्फावर तोवर लोक काय करत होते? साधी हातदोरी, खाचा पाडलेली पट्टी, आखूड काठी. रशियात मुठीतच चाक बसवलेली काठी वापरतात, तिला बालालायका म्हणतात. फिनलंडमध्येही तशाच आखूड काठ्या. या सगळ्यांत दोरी सरळ गुंडाळली जाते. म्हणजे बर्फावरच्या गरीब माणसाकडे पीळ न पाडणारं साधन पहिल्यापासून होतं.

अमेरिकेत मात्र उन्हाळ्यातलं स्पिनिंग रीळ छोटं करून हिवाळ्यात आणलं गेलं, आणि छोटं केल्यामुळेच ते बिघडलं. हिशेब सोपा आहे. 3 सेंटीमीटर व्यासाच्या रिळाचा घेर साडेनऊ सेंटीमीटरच्या आत, म्हणजे एका मीटरला दहापेक्षा जास्त वेढे. बेल उघडून तंगूस सोडलं तर पीळ उलगडतो. पण भोकावर बसलेले बरेच जण बेल उघडत नाहीत. ड्रॅग (ओढ आली की रीळ घसरू देणारा ब्रेक) सैल करून हातानेच तंगूस ओढून खाली सोडतात, म्हणजे नेमक्या खोलीवर थांबता येतं. अशा वेळी रीळ स्वतः फिरतं, तंगूस सरळ निघतं, आणि परत गुंडाळताना बेल नवा पीळ घालते. 6 मीटर पाण्यात एका खेपेला साठाच्या वर. माशाने ड्रॅग ओढला की त्यात आणखी भर.

हे इतकी वर्षं फारसं खुपलं नाही, कारण दिसत नव्हतं. कार्ल लॉरन्स यांच्या कंपनीने 1959 मध्ये ध्वनिलहरींनी मासे शोधणारं छोटं सोनार यंत्र बाजारात आणलं. 1980 च्या सुमारास मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झ यांनी सहज हलवता येणारा तंबू बनवला, आणि लोक एका भोकावर दिवसभर बसण्याऐवजी सोनार घेऊन भोकामागून भोक तपासू लागले. आता मासा आमिषाजवळ येऊन परत गेलेला पडद्यावर दिसायला लागला. नंतर टंगस्टनची आमिषं आली. शिशाची घनता 11.3, टंगस्टनची 19.3, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं आमिष बरंच लहान होतं. इतक्या बारीक कामात पिळाची गिरकी लपेना. काहींनी जुनं फ्लाय रीळच बर्फाच्या काठीला बांधलं. जपानमध्ये बंदराच्या भिंतीवरून काळ्या ब्रीमसाठी आमिष सरळ खाली सोडायला असंच मोठं चाक पूर्वीपासून वापरतात. 2010 नंतर फ्रेबिल कंपनीचं स्ट्रेट लाइन, 13 फिशिंग कंपनीचं ब्लॅक बेटी अशी खास बर्फासाठीची इनलाइन रिळं दुकानात दिसू लागली, आणि मागोमाग चिनी कारखान्यांतून स्वस्त रिळंही.

आज 25-30 डॉलरपासून शंभराच्या वरपर्यंत किंमती आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पीळ न पडणं हा या रिळाचा मुख्य गुण, आणि तो सर्वांत स्वस्त रिळातही पूर्ण मिळतो. तो आसाच्या दिशेतून येतो, धातूतून किंवा बेअरिंगच्या आकड्यातून नाही. जास्तीचे पैसे जातात हलकेपणाला, यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमला आणि रंगाला. पहिल्या हिवाळ्यासाठी हे काहीही लागत नाही.

स्वस्तात दोनच गोष्टी दगा देतात, त्या दुकानातच तपासाव्यात. पहिली म्हणजे चाक मोकळं फिरणं. तंगूसाला दोन ग्रॅमचं वजन लावून चाक मोकळं सोडणारा खटका दाबावा. वजन न अडखळता खाली गेलं पाहिजे. दुकानाच्या उबेत ते अडखळत असेल तर उणे 15 अंशांत घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये ते हलणारच नाही. घरी जाड ग्रीस पुसून पातळ तेलाचा थेंब दिला तर बरीचशी स्वस्त रिळं सुधारतात. दुसरी गोष्ट ड्रॅग. तो अगदी सैल ठेवून तंगूस हळू ओढावं. ते झटक्याझटक्याने सुटत असेल तर बारीक तंगूस पहिल्याच बऱ्या माशाला तुटेल, तेव्हा असं रीळ ठेवून द्यावं. चाक बोटाने डावीउजवीकडे हलवून बघायलाही विसरू नये. कडेला फट असेल तर तंगूस तिच्यात शिरतं, आणि बधिर बोटांनी ते बाहेर काढणं म्हणजे छळ.

चाक मोठं निवडावं. 7 सेंटीमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात साधारण 22 सेंटीमीटर तंगूस घेतं. आत दाते असतील तर त्याच्या दुपटी-अडीचपट. वेढे मोठे असल्याने थंडीत तंगूस स्प्रिंगसारखं गुंडाळलेलंही राहत नाही. पण चाक भरायला तंगूस पुष्कळ लागतं, म्हणून खाली स्वस्त जाड तंगूस भरून वर कामाचं 25-30 मीटर बांधावं. भरताना दुकानातली गुंडी पेन्सिलीत ओवून कुणाला तरी धरायला द्यावी आणि ती गरगर फिरू द्यावी. गुंडी जमिनीवर ठेवून टोकावरून तंगूस ओढलं तर पीळ पहिल्याच दिवशी आत जातो, आणि मग दोष विनाकारण रिळावर येतो.

हे रीळ उथळ पाण्याचं, आठ-दहा मीटरपर्यंतचं. लेक ट्राउटसाठी 20-25 मीटर खोल जाणाऱ्याला त्याचा कंटाळा येईल. तिथे आमिषही जड असतं, पिळाची गिरकी तेवढी जाणवत नाही, आणि आमिषाच्या वर एक चांगली फिरकडी (मोकळी फिरून पीळ सोडवणारी कडी) लावली की साधं स्पिनिंग रीळ पुरतं.