एक लाखाची अट आली कुठून? रेशनकार्ड आणि सरकारी आरोग्य योजना

पुण्यात कित्येक वर्षं सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं म्हटलं की हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनीसाचा) पहिला प्रश्न असायचा, कार्ड कुठलं? पिवळं, केशरी की पांढरं? आणि त्या रंगामागं एकच आकडा उभा असायचा, वर्षाला एक लाख उत्पन्न. हा आकडा मुळात धान्य वाटपासाठी ठरलेला, आजारपणाच्या खर्चाचा हिशोब त्यात कुणी धरलेलाच नव्हता, आणि माझ्या मते इतकी कष्टकरी कुटुंबं योजनेबाहेर राहिली त्याचं मूळ इथंच आहे.

राज्यानं १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आणली. ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना आणि मोजक्या मोठ्या आजारांना होती. मग १ मे १९९९ पासून तिरंगी रेशनकार्डं आली. शहरात १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या पुढं पांढरं. केशरीसाठी आणखी अटी होत्या, घरात चारचाकी नको (टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला सूट), चार हेक्टरच्या वर बागायत नको. गहू-तांदूळ कुणाला कुठल्या भावानं द्यायचा यासाठी हे सगळं ठीकच होतं.

पुढं २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या राज्यात, म्हणजे पुण्यातही. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर, किडनी ट्रान्सप्लांटला अडीच लाख, आणि पात्रता ठरवायला घेतलं काय तर तेच रेशनकार्ड. सरकारचीही अडचण होती, घरोघरचं उत्पन्न दाखवणारी दुसरी यादी हाताशी नव्हती. पण १९९९ चे एक लाख तसेच २०१२ मध्ये आले. महिन्याला साधारण ८ हजार ३३३ रुपये. हडपसरला १२ हजारावर रात्रपाळी करणारा वॉचमन घ्या, वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार, म्हणजे कागदावर तो बाहेर, आणि बायपासचं बिल काय त्याच्या पगाराकडं बघून येतं का? जुनं केशरी कार्ड जपून ठेवलेला शेजारी आत आणि नवीन कार्ड काढताना खरा पगार लिहिणारा बाहेर, हे बघून फार वाईट वाटायचं.

त्यात कार्डावर नाव असलंच पाहिजे. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं आणि सासरच्या कार्डात अजून चढलेलं नाही, अशात ती ॲडमिट झाली की नवरा रेशनच्या परिमंडळ ऑफिसच्या रांगेत.

२०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं, अट तीच राहिली. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, तिनं उत्पन्न न विचारता २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेतली यादी धरली, शहरात कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर असे कामाचे गट. कल्पना चांगली होती, पण त्यानंतर गाव सोडून येरवड्यात किंवा जनता वसाहतीत आलेल्याचं नाव इथल्या यादीत असणार कसं?

भिंत पहिल्यांदा हलली ती कोविडमध्ये, मे २०२० ला पांढऱ्या कार्डवाल्यांनाही तात्पुरतं आत घेतलं. मग जुलै २०२३ च्या जीआरनं कव्हर पाच लाख केलं आणि उत्पन्नाची अटच काढली, १ जुलै २०२४ पासून ते सुरू झालं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानमध्येही उत्पन्न विचारत नाहीत. फार उशिरा झालं, पण झालं ते योग्यच.

तरी उत्पन्नाचा दाखला अजून फेकू नका. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांचा हिशोब वेगळा आहे, तिथं २००६ च्या हायकोर्टाच्या स्कीमप्रमाणं दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तिथं उत्पन्न बघतातच. सुरुवातीला मर्यादा २५ आणि ५० हजार होती, वाढत वाढत ती १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर आली. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कामी येतो, घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर तो आधीच काढून ठेवा, ॲडमिट झाल्यावर धावपळ करायला घरात माणूस उरत नाही.