पिवळ्या डोळ्यांचा सातभाई

पक्षिवर्गाच्या काकादी गणातील (पॅसेरिफॉर्मिस) एक लहान गाणारा पक्षी. याचे शास्त्रीय नाव क्रायसोमा सायनेन्स असून भारताच्या बहुतेक भागात आढळणारी उपजाती क्रा. सा. हायपोल्यूकम ही आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नज व आसपासच्या माळरानांवर तो राहतो, पण माळढोकाप्रमाणे मोकळ्या गवतावर नव्हे. बांधावरची बोरीची जाळी, तरवड, घाणेरी आणि ओढ्याकाठचे दाट गवत हे त्याचे ठिकाण होय.

लांबी सुमारे १८ सेंमी.; त्यात जवळजवळ निम्मा वाटा शेपटीचा. पाठ व पंख दालचिनी-तपकिरी, गळा व छाती पांढरीशुभ्र, चोच आखूड, जाड व काळी. बुबुळ पिवळे आणि पापणीची कड ठसठशीत नारिंगी असल्यामुळे झुडपाच्या सावलीतही डोळा आधी नजरेत भरतो. ‘क्रायसोमा’ या ग्रीक नावाचा अर्थही ‘सोनेरी डोळा’ असाच आहे.

या पक्ष्याचे स्थान दोनशे वर्षांहून अधिक काळ बदलत आले आहे. योहान ग्मेलिन यांनी १७८९ मध्ये त्याला पारस सायनेन्सिस, म्हणजे चीनमधील एक वल्गुली (टिट पक्षी), असे नाव दिले. ‘चीनचा’ हे विशेषण तेव्हापासून चिकटले, जरी त्याच्या प्रदेशाचा मोठा भाग भारतीय उपखंडात आहे. जेम्स फ्रँकलिन यांनी १८३१ मध्ये भारतातील पक्ष्याचे वर्णन टिमालिया या प्रजातीत (जीनसमध्ये) केले, म्हणजे त्याला सातभाईंच्या गोतात बसवले. पुढे एडवर्ड ब्लिथ यांनी १८४३ मध्ये क्रायसोमा ही प्रजाती स्थापली आणि लगेच ब्रायन हॉजसन यांची पिक्टोरिस ही प्रजाती पुढे आली. यांपैकी ब्लिथ यांचे नाव आधीचे असूनही पक्षिशास्त्रज्ञ ओट्स यांच्या भारतीय पक्ष्यांवरील १८८९ च्या ग्रंथात पिक्टोरिस हेच वापरलेले दिसते. क्रायसोमा विसाव्या शतकात रूढ झाले. या नावातील ‘ओमा’ हा शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘सायनेन्सिस’चे ‘सायनेन्स’ झाले. जुन्या व नव्या याद्यांतील हा फरक छापखान्याची चूक नव्हे.

यानंतरचा प्रश्न कुलाचा. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या याद्यांत सातभाई हे माशीमारांच्या अतिविस्तृत कुलाचे (म्युसिकॅपिडी) उपकुल मानले जाई आणि पॅरटबिल (पोपटासारख्या आखूड, जाड चोचीचे लहान पक्षी) यांना वेगळे उपकुल मिळे. तेव्हा चोचीचा आकार ही मुख्य खूण होती. सातभाईंचे कुल म्हणजे ‘जे दुसरीकडे बसत नाहीत त्यांची अडगळ’ अशी टीकाही होत असे, आणि ती फारशी अन्याय्य नव्हती. आलिस सिबोआ यांनी २००३ मध्ये मायटोकाँड्रियातील डीएनएच्या आधारे सातभाईंचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा क्रायसोमा खऱ्या सातभाईंपासून दूर, सिल्व्हिया प्रजातीच्या वटवट्यांच्या व पॅरटबिलांच्या जवळ आढळला. त्यामुळे काही याद्यांनी त्याला सिल्व्हिइडी कुलात हलवले. तियानलोंग त्साय व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या विस्तृत पुनर्रचनेत सिल्व्हिइडीपासून पॅराडॉक्सॉर्निथिडी हे कुल वेगळे काढण्यात आले आणि हा पक्षी पॅरटबिलांबरोबर त्यात गेला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रेनटिट हा लहान पक्षीही याच कुलात येतो, तेव्हा नान्नजच्या झुडपातल्या पक्ष्याचा एक भाऊबंद कॅलिफोर्नियातही आहे. या कुलाची सीमा पुढेही सरकू शकेल. तरी आजच्या पुराव्यावरून पॅराडॉक्सॉर्निथिडी हेच अधिक सयुक्तिक वाटते.

त्यामुळे ‘सातभाई’ हे नाव नात्यापुरते खरे राहिलेले नाही. सोलापूर भागात शेतांच्या कडेला टोळीने कलकलाट करत फिरणारे खरे सातभाई, उदाहरणार्थ कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधून नोंदवलेली आर्ग्या मालकोल्मी ही जाती, आता लिओथ्रिकिडी या वेगळ्या कुलात गणले जातात. मराठी पक्षिनामांच्या संकलनाचे मोठे काम सोलापूरच्याच मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. व्यवहारातले नाव शास्त्रीय वर्गीकरणासोबत बदलावे अशी अपेक्षा मात्र कोणी धरत नाही.

हा पक्षी लहान थव्याने फिरतो, चाहूल लागताच जाळीत खाली उतरून दिसेनासा होतो. कीटक हे त्याचे मुख्य खाद्य. पावसाळ्यात नर एरवीचा बुजरेपणा सोडून झुडपाच्या शेंड्यावर येतो आणि मोठ्याने, मंजुळ गातो. विणीचा हंगाम साधारणतः जून ते सप्टेंबर. घरटे शंकूसारखे निमुळते, खोल व सुबक असते. गवताच्या काड्या व तंतू घट्ट विणून बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचे लिंपण केलेले असल्याने ते फांदीच्या बेचक्यात चिकटवल्यासारखे दिसते. अंडी बहुधा चार ते पाच. नर-मादी दोघेही ती उबवतात.