मूस-अस्वलाच्या शिकारीसाठी जागा ठरवताय? बुकिंगच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

अलास्कात अँकरेजला आमचं शिकारीचं सामान भाड्याने द्यायचं दुकान आहे, तिथे डॅलस, न्यू जर्सी, टोरांटो, कुठून कुठून मराठीत फोन येतात आणि दहातले आठ एकच विचारतात, "दादा, मोठा मूस कुठे मिळेल, नुसता पिन पाठवा ना." मूस म्हणजे इथलं सगळ्यात मोठं हरीण आणि पिन म्हणजे नकाशावरची नेमकी जागा. ती आम्ही पाठवत नाही. का नाही ते दरवेळी फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय. लायसन्स आणि टॅग (ठरावीक प्राण्यासाठीचा वेगळा परवाना) म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी कोडिॲक निकालात काढू. कोडिॲक बेटावर मूस नाही! साडेतीन हजारांच्या आसपास ब्राऊन बेअर आहेत, हरणं आहेत, पण मूस एकही नाही, तरी दर हिवाळ्यात कुणीतरी "कोडिॲकला दोन्ही एकदम करू" म्हणून सुट्टी टाकून मोकळा झालेला असतो. अलास्का पेनिन्सुलावर, म्हणजे युनिट ९ मध्ये (शिकारीसाठी अलास्काचे असे नंबरवार विभाग आहेत), दोन्ही प्राणी आहेत, पण तिथे अस्वलाचा सीझन एक वर्षाआड असतो, विषम वर्षी ऑक्टोबरात आणि सम वर्षी मे महिन्यात, आणि मूसचा सप्टेंबरात. नकाशावर एकत्र दिसतात म्हणून एका ट्रिपमध्ये बसतीलच असं नाही.

दुसरं, पासपोर्ट. अमेरिकन नागरिक असाल तर मूस आणि ब्लॅक बेअरला गाइड लागत नाही, ब्राऊन बेअरला लागतो. नागरिक नाही आणि राहताही अमेरिकेबाहेर, म्हणजे आमचे टोरांटोवाले किंवा पुण्याहून येणारे, तर मूसला सुद्धा परवानाधारक गाइड हवाच. अमेरिकन नागरिकांना ब्राऊन बेअरसाठी गाइडऐवजी अलास्कात राहणारा, १९ वर्षं पूर्ण झालेला जवळचा नातेवाईक चालतो. पण जवळचा म्हणजे सख्खा भाऊ, सासरा, मेहुणा. काका, चुलतभाऊ, मामेभाऊ यात बसत नाहीत. मेहुणा इकडे असेल तर दिवाळीला जरा चांगलं काहीतरी पाठवत जा.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यात सगळ्यांचा वेळ आणि कंबर जाते. लोक जागा शोधतात ती मूस कुठे आहे ते बघून. शोधायची असते मांस कुठून बाहेर निघेल ते बघून. मोठा बुल, म्हणजे नर मूस, १६०० पौंडांपर्यंत भरतो, त्याचं खायचं मांस साधारण ५०० पौंड, आणि काही युनिटांमध्ये ते हाडासकट आणायची सक्ती आहे, म्हणजे वजन अजून वाढलं. मान, बरगड्यांमधलं मांस, सगळं आणावं लागतं, सोडून आलात तर कायद्याने गुन्हा आहे, आणि शिंगं शेवटच्या फेरीसोबत किंवा त्यानंतरच हलवायची, आधी नाही. पाठीवर ७० पौंड धरले तरी सात-आठ फेऱ्या होतात. तुम्हाला सोडणारं छोटं विमान जिथे उतरतं तिथपासून मूस तीन मैलांवर पडला तर जाऊन-येऊन प्रत्येक फेरी सहा मैलांची, म्हणजे पन्नासेक मैल चालणं, ते पण टंड्रात, जिथे गवताचे गठ्ठे पायाखाली डुगडुगतात आणि मधल्या खाचांत पाणी असतं. दोघांत वाटून घ्या, तरी तीन-चार दिवस गेलेच.

आमच्याकडून सामान नेलेल्या एका ग्रुपने हेच केलं. टेकडीवरून दुर्बिणीत मूस दिसला, मधे दलदल आहे ते दुर्बिणीत दिसलं नाही. चौथ्या दिवशी सॅटेलाइट फोनवरून माझ्याशी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

म्हणून आमचा नियम सोपा आहे, तळ्यापासून किंवा विमान उतरतं त्या वाळूच्या पट्टीपासून एक मैलाच्या पुढे दिसलेला मूस फक्त फोटोसाठी. जागेत आधी बघा की विमान कोणतं उतरतं. तळ्यावर फ्लोटवालं बीव्हर (पाण्यावर उतरणारं विमान) उतरलं तर एका खेपेत हजारेक पौंड निघतात, नदीकाठच्या रेतीवर सुपर कब हे छोटं विमान उतरत असेल तर त्याच्या खूप खेपा होतात आणि प्रत्येक खेपेचे पैसे लागतात. राफ्टने नदी उतरणार असाल तर मांस नदीच वाहते, आम्हाला स्वतःला हाच प्रकार आवडतो, फक्त सप्टेंबरात पाणी किती असेल ते पायलटला विचारून ठेवा. आणि विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी शिकार नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच.

"गाडीनेच जाऊ, विमान कशाला" म्हणणारे पण असतात. डाल्टन हायवेवर युकॉन नदीच्या उत्तरेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल फक्त धनुष्यबाण चालतो. बंदूक घेऊन आधी पाच मैल आत चालत जायचं आणि मग वरचं गणित परत करायचं.

मांस पडलं की अस्वल येतं, हे धरूनच चाला. मांस तंबूपासून लांब ठेवा, पण परत जाताना लांबून दिसेल अशा उघड्या जागी. टॅग आणि गाइड नसताना जिवावर बेतलं म्हणून अस्वल मारावं लागलं तर कातडी आणि कवटी सरकारजमा होते, म्हणजे कष्ट तुमचे आणि हाती काही नाही. तंबूला विजेचं कुंपण घ्या, आम्ही भाड्याने देतो. दुसरीकडून घेतलंत तरी चालेल, पण घ्या.

आम्ही गाइड नाही आणि विमानवालेही नाही. आम्ही सामान भाड्याने देतो आणि नकाशावर एक तास बसतो. त्या तासाचे पैसे घेतो यावर काही जण कुरकुरतात, पण सामान आमच्याकडून घेतलंत तर ते वजा होतात, आणि एकच तळं आम्ही एका सीझनमध्ये दोन ग्रुपना सुचवत नाही. आपल्यातले बरेच जण शिकार इथे येऊनच शिकलेत, भारतात १९७२ च्या कायद्यानंतर प्रश्नच नव्हता, त्यामुळे बेसिक प्रश्न विचारायला लाजू नका.

ड्रॉचे, म्हणजे लॉटरीने मिळणाऱ्या परवान्यांचे, अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. नकाशासाठी ऑक्टोबरातच फोन करा, आणि फोनवर पहिल्या वाक्यात नागरिकत्व कुठलं, राहता कुठे आणि किती जण वजन उचलणार ते सांगा. मूसची शिंगं किती इंची हवीत ते नंतर बोलू.