'मिस्टर' या एका शब्दासाठी

१९६७ सालच्या 'इन द हीट ऑफ द नाइट' या हॉलिवूडच्या चित्रपटात खून कुणी केला, हे पाहणारा पुढे विसरून जातो. लक्षात राहतं ते एक वाक्य. मिसिसिपीतल्या स्पार्टा गावचा गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय डिटेक्टिव्हला कुत्सितपणे विचारतो, व्हर्जिल हे कसलं नाव, तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात? उत्तर येतं : 'दे कॉल मी मिस्टर टिब्स!'

या उत्तराचं वजन मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'अरे' आणि 'अहो' यांच्यामधल्या अंतरात माणसाची पायरी ठरवण्याची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्यालाही वाड्यातलं पोर एकेरीतच हाक मारायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत ते काम 'बॉय' हा शब्द करत असे. केस पिकलेल्या माणसालाही 'बॉय', नाहीतर नुसतं पहिलं नाव. 'मिस्टर', 'मिस', 'मिसेस' गोऱ्यांपुरते. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण हाक मारण्याची ही पद्धत पुढे शंभर वर्षं टिकली. कोर्टातसुद्धा.

जून १९६३ची गोष्ट. अलाबामातल्या गॅड्सडेन इथे मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या साक्षीला उभ्या होत्या. सरकारी वकिलाने 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. आपल्याला नीट संबोधलं जात नाही तोवर उत्तर देणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि न्यायाधीशांनी बजावल्यावरही त्या हटल्या नाहीत. कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. एका 'मिस'साठी! प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. टिब्सच्या त्या वाक्यामागे मला नेहमी हा साक्षीचा पिंजरा दिसतो.

टिब्सची भूमिका करणारे सिडनी पॉइटिए मिसिसिपीला स्वतः जाऊन आले होते. १९६४च्या उन्हाळ्यात तिथे कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी चालू होती आणि जूनमध्ये तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. त्याच राज्यातल्या ग्रीनवुडमधल्या कार्यकर्त्यांसाठी पॉइटिए आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे रोख रक्कम घेऊन गेले, तेव्हा क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या माणसांनी रात्री त्यांच्या गाडीचा पाठलाग केला. पुढे दक्षिणेत चित्रीकरण करायला पॉइटिए यांनी साफ नकार दिला. म्हणून दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनी उत्तरेकडच्या इलिनॉयमधलं स्पार्टा गाव निवडलं. गावच्या पाट्या बदलायला नकोत म्हणून कथेतल्या गावालाही तेच नाव दिलं. कापसाची शेतं मात्र इलिनॉयमध्ये कुठून आणणार? त्या थोड्या दृश्यांसाठी टेनेसीत जावं लागलं. तिथे पॉइटिए उशाशी पिस्तूल ठेवून झोपत.

पडद्यावर पूर्वग्रह दिसतो तो आरडाओरड्यातून कमी, किरकोळ हिशेबातून जास्त. रात्री स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या टिब्सला खुनाच्या संशयावरून पकडतात, कारण तो काळा आहे आणि त्याच्या पाकिटात पैसे आहेत. एवढे पैसे कुठून आले? त्याची आठवड्याची कमाई १६२ डॉलर ३९ सेंट, हे ऐकून गिलेस्पीला त्याच्या बिल्ल्यापेक्षाही ती रक्कम जास्त झोंबते. मग टिब्स खुनाचा तपास करू लागतो तेव्हा दिसतात ती एंडिकॉट या बड्या मळेवाल्याची काचगृहातली ऑर्किड्स. काळ्या माणसांनाही या झाडांसारखं सांभाळावं लागतं, असं तो अगदी मायेने बोलतो. टिब्सचा प्रश्न टोचल्यावर त्याची थप्पड बसते आणि टिब्स क्षणाचाही विचार न करता उलट थप्पड देतो. गोऱ्या जमीनदाराला काळ्या माणसाने मारलेली अशी चपराक हॉलिवूडच्या पडद्यावर तोवर जवळजवळ अशक्यच होती. दारात ट्रे घेऊन उभा असलेला कृष्णवर्णीय नोकर हे सगळं पाहतो. मला त्या थपडेइतकाच त्याचा चेहरा आठवतो.

४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढे ढकलून १० एप्रिलला झाला. या चित्रपटाला पाच पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि गिलेस्पी साकारणाऱ्या रॉड स्टायगर यांना अभिनयाचा. पूर्वग्रह म्हणजे काय हे पॉइटिए यांच्या मैत्रीतून कळलं, असं म्हणत स्टायगर यांनी व्यासपीठावरून त्यांचे आभार मानले. पॉइटिए यांना त्या वर्षी नामांकनही नव्हतं.