तुकडी पद्धत

तुकडी पद्धत : एकाच इयत्तेतील विद्यार्थ्यांची अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागणी करण्याची शालेय व्यवस्था. पट मोठा असला की विभागणी अटळच असते. वाद आहे तो गुणांच्या उतरत्या क्रमाने तुकड्या पाडण्याबद्दल. महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत हे वर्षानुवर्षे चालत आले आहे: वार्षिक परीक्षेच्या टक्केवारीने यादी लावायची, वरची मुले ‘अ’मध्ये, त्यानंतरची ‘ब’मध्ये आणि उरलीसुरली शेवटच्या तुकडीत.

जातीवरून वेगळे बसवण्याचा इतिहास याच प्रदेशाचा आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा आदेश काढला. तशी उघड विभागणी आज बेकायदा आहे. गुणांवरची विभागणी मात्र कोणाला खटकत नाही, कारण गुण मुलाने स्वतः मिळवलेले असतात असे सगळेच मानतात, त्याचे पालकसुद्धा.

प्रत्यक्षात त्या गुणांत घराचा वाटा मोठा असतो. घरी पाठ्यपुस्तकासारखी मराठी बोलली जाते की कोरकू, गोंडी, भिली, यापासून फरक पडायला लागतो. पुढे शिकवणी, अभ्यासाला जागा, शिकलेले आईवडील. ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जाते आणि गळीत हंगाम आटोपल्यावर परतते, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. पुढच्या जूनमध्ये त्याची तुकडी कोणती, हे यादी न पाहताही सांगता येते.

एकदा तुकडी ठरली की शाळेचे बाकीचे व्यवहार तिच्यामागे जातात. गणित-विज्ञानाचे अनुभवी शिक्षक, जादा तास, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हे सारे वरच्या तुकडीला आधी मिळते, कारण दहावीच्या निकालावर शाळेचे नाव अवलंबून असते. खालच्या तुकडीतील मुलांना ‘ढ’ हे बिरुद चिकटते आणि शिक्षकांच्या खोलीतही त्यांचा उल्लेख तसाच होतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक जीनी ओक्स यांनी 1980 च्या दशकात अमेरिकी शाळांतील अशाच विभागणीचा अभ्यास केला. खालच्या गटांत गरीब आणि अल्पसंख्याक मुले प्रमाणाबाहेर होती आणि त्यांच्या वाट्याला मुख्यतः घोकंपट्टी, सराव येत होता.

सेमी-इंग्रजीने या उतरंडीला नवे नाव दिले. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवणारी ही तुकडी बऱ्याच शाळांत गुण पाहूनच भरली जाते. पूर्ण मराठी माध्यमाची तुकडी मग आपोआप उरलेल्यांची होते. प्रशासनाच्या लेखी तुकडी हे मान्यतेचे आणि वेतन अनुदानाचेही एकक आहे. एकाच इमारतीत अनुदानित तुकडी आणि शुल्क घेणारी विनाअनुदानित तुकडी शेजारी शेजारी भरते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल गटांतील मुलांसाठी ठेवल्या. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवू नये, असे केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे. गुणांवरून वेगळे बसवण्याला हा नियम लागू होत नाही, ही त्यातली मोठी फट.

पद्धतीच्या समर्थकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. साठ मुलांच्या वर्गात कोणाला अपूर्णांक येतात आणि कोणाला वजाबाकीही जमत नाही, तेव्हा शिक्षकाने कोणासाठी शिकवावे? ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने यावर वेगळी वाट काढली: दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून वाचन-गणिताच्या पातळीनुसार गट करायचे, अधूनमधून चाचणी घेऊन मुलांना पुढच्या गटात सरकवायचे आणि उरलेला वेळ सर्वांनी आपल्या नेहमीच्या वर्गात बसायचे. फिनलंडने 1980 च्या दशकाच्या मध्यास सर्वसमावेशक शाळांतील पातळीनिहाय गट मोडीत काढले. महाराष्ट्रातही काही शाळा आडनावांच्या किंवा प्रवेश क्रमांकाच्या क्रमाने, नाहीतर चिठ्ठ्या टाकून तुकड्या करतात. तिथे पहिली तक्रार येते ती बहुधा ‘अ’ तुकडीची सवय झालेल्या पालकांची.